एक पेर खोल

माझ्या बागेच्या वहीचं पहिलंच पान अपयशाचं आहे. ‘वाफा २. भेंडी, ४० बिया.’ त्याखाली बारा दिवसांनी: ‘काही नाही.’ आणखी पाच दिवसांनी: ‘उकरून बघितलं. बिया बुळबुळीत झाल्यात. वास येतोय.’

थंडी नुकतीच ओसरली होती. दुपारी स्वेटर काढून ठेवावासा वाटत होता, झाडांना पालवी फुटत होती, आणि मला वाटलं, झालं की, आले लागवडीचे दिवस! हवेत ऊब आली होती हे खरं. मातीत आली नव्हती. माती हवेच्या मागून, रेंगाळत तापते, आणि बी तर मातीतच पडायचं असतं. इतकी साधी गोष्ट मला चाळीस बिया कुजवून कळली.

तेव्हापासून मी लागवडीचा दिवस कॅलेंडर बघून ठरवत नाही. सकाळी, ऊन पडायच्या आधी, वाफ्यात तर्जनी खुपसते. दोन पेरं आत. सावकाश दहापर्यंत मोजते. बोट गारठून बाहेर काढावंसं वाटलं, तर भेंडी-काकडीला अजून अवकाश आहे. बोटाला काहीच विशेष जाणवलं नाही, ना गार ना गरम, तर बियांचा डबा काढायचा.

बोटावर भरवसा बसेपर्यंत तापमापक वापरा. ५ ते ७ सेंमी खोल, आणि सकाळीच. दुपारी खोचलात तर तो तुम्हाला हवं तेच सांगेल. सलग तीन-चार सकाळी १८ ते २० अंश सेल्सिअस दिसले की उष्णता मागणाऱ्या भाज्या टाकायला हरकत नाही. भेंडीचं बी १५ अंशांच्या मातीत रुजायला जवळजवळ ४ आठवडे लावतं, २५ अंशांत सुमारे १३ दिवस, ३० अंशांत आठवडाभर. काकडीला १५ अंशांत १३ दिवस लागतात, २५ अंशांत ४. टोमॅटो १० अंशांत सहा आठवडे झोपून राहतो आणि २५ अंशांत सहाव्या दिवशी मान वर काढतो. म्हणजे घाईघाईनं दोन-तीन आठवडे आधी टाकलेली भेंडी आणि वाट बघून टाकलेली भेंडी साधारण एकाच सुमाराला वर येते. फरक एवढाच, की आधीच्यातली निम्मी तोवर बुरशीच्या पोटात गेलेली असते.

जाणारे आणि येणारे

वसंत म्हणजे बागेतली पाळी बदलायची वेळ. मी वहीत दोन रकाने करते. ‘जाणारे’ म्हणजे थंडी आवडणारे: पालक, मेथी, मुळा, कोथिंबीर, वाटाणा. ‘येणारे’ म्हणजे भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, दोडका, कारलं, आणि टोमॅटो-मिरची-वांगी हे त्रिकूट. पहिल्या रकान्यातल्यांना १० अंशांची मातीही चालते, त्यामुळे माती तापायची वाट बघत असताना हात शिवशिवायला लागले की त्यांच्यावर हौस भागवावी. वाटाणा मात्र अगदी सुरुवातीलाच टाकायचा, ऊन वाढलं की त्याची फुलं शेंग न धरताच गळतात. मुळ्याच्या लवकर येणाऱ्या जाती २५-३० दिवसांत काढायला येतात, मेथी साधारण महिन्याभरात. मोठ्या वेली पसरेपर्यंत तेवढी जागा रिकामीच असते.

त्यांचं एकच: उशीर खपत नाही. दिवस मोठा झाला, ऊन वाढलं, की पालक आणि कोथिंबीर पानं सोडून सरळ दांडा धरतात आणि फुलोऱ्यावर जातात. तिथून पानं राठ. ऊन लवकर चढणाऱ्या जागी राहत असाल तर पालेभाजी दुपारच्या सावलीत टाका. उलट, जिथं वसंतातही रात्री दव गोठतं, तिथं टोमॅटो-मिरचीची रोपं बाहेर न्यायची घाई नको. रात्रीचं तापमान १० अंशांच्या वर टिकायला लागलं की मगच.

फुलोऱ्यावर गेलेल्या कोथिंबिरीची दोन झाडं मी मुद्दाम ठेवते. त्या पांढऱ्या बारीक फुलांवर मधमाश्या येतात, आणि मधमाशीसारख्या दिसणाऱ्या, हवेत एका जागी तरंगत राहणाऱ्या काही माश्याही येतात. त्यांच्या अळ्या मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, खातात. फुकटचे पहारेकरी.

आता किती लावायचं? पाकिटात शंभर बिया असतात म्हणून शंभर टाकायच्या नसतात. पहिल्या काही वर्षांत मी टोमॅटोची वीस रोपं वाढवली होती, एकही टाकवेना. शेवटी वीसही उपाशी राहिली, आणि मीही. चार माणसांच्या घराला टोमॅटोची तीन, मिरचीची दोन, वांग्याची एक-दोन झाडं, काकडीचे दोन वेल आणि दोडक्याचा किंवा दुधीचा एक वेल रगड होतो. भेंडी मात्र आठ-दहा झाडांपेक्षा कमी लावू नका. तिच्या एका झाडावर एका वेळी एखाद-दुसरीच तोडायला येते. चारच झाडं असली की रोज तीन भेंड्या हातात घेऊन आपण विचार करत उभे.

ऊन आधी, जागा मग

फळभाज्यांना निदान ६ तास थेट ऊन लागतं, पालेभाज्यांचं ३-४ तासांत भागतं. ‘आमच्याकडे भरपूर ऊन येतं’ हे सगळेच म्हणतात. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता बागेचे फोटो काढा. बहुतेकांना धक्का बसतो. आणि हिवाळ्यात ऊन यायचं तो कोपरा वसंतात उन्हातच राहील असं समजू नका, कारण सूर्य डोक्याकडे सरकत जातो. थंडीत तिरपं ऊन खोलवर येणारी गॅलरी पुढे छपराच्या सावलीत जाऊ शकते, आणि भिंतीच्या सावलीतला वाफा भर उन्हात येतो. मांडव, वेल असलं उंच प्रकरण अशा बाजूला ठेवा की त्याची सावली बुटक्या झाडांवर पडणार नाही. झाडं मोठी झाल्यावर मांडव हलवता येत नाही. हेही मला करून बघून कळलंय.

कुंड्यांत लावणार असाल तर टोमॅटोला १५ ते २० लिटर माती मावेल एवढं भांडं, मिरचीला १० लिटर, पालेभाजीला १५ सेंमी खोलीचा पसरट ट्रे. तळाला भोकं हवीतच. भोकांवर खड्यांचा थर द्यायची जुनी पद्धत मी सोडून दिली. बारीक मातीतून पाणी जाड खड्यांत सहज उतरत नाही, ते खड्यांच्या वर अडून बसतं आणि चिखलाचा थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरतो.

मुठीतली माती

माती कधी खणायची, याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: वाफसा. पाणी पडून गेल्यावर माती ना चिखल ना ढेकूळ, अशी जी मधली अवस्था येते ती. मूठभर माती दाबा. पाणी टिपकलं तर थांबा. मुठीत गोळा झाला आणि अंगठ्यानं टोचल्यावर तो फुटला, की वाफसा आला. गोळाच होईना तर आदल्या संध्याकाळी पाणी द्या. चिबड मातीत खुरपं चालवलं की ती विटेसारखी वाळते, आणि मग हंगामभर मुळांना त्या विटा फोडत बसावं लागतं.

२०-२५ सेंमी खोल मोकळी करा, ३-४ सेंमी थर पूर्ण कुजलेल्या शेणखताचा किंवा कंपोस्टचा, वरच्या वीतभर मातीत मिसळा. पूर्ण कुजलेल्या, हा शब्द महत्त्वाचा. हातात घेतलं तर गरम लागता कामा नये, वास पावसानंतरच्या मातीसारखा यायला हवा, आणि ते मुळात काय होतं हे ओळखता येऊ नये. मी एकदा अर्धकच्चं खत घातलं. वांग्याची रोपं आठवड्यात मान टाकून बसली, आणि खालून हुमणीच्या पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या अळ्या निघाल्या त्या वेगळ्याच.

आणि खत जास्त झालं तरी पंचाईतच. नत्र वाढलं की टोमॅटो पानांचं जंगल करतो, फूल धरत नाही. गवार, चवळी, वाटाणा यांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र धरून देतात, तेव्हा त्यांना खताचा आग्रह करू नका.

पेरणी: बोट हीच मोजपट्टी

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावं, हा नियम. वाफ्यात उकिडवं बसल्यावर बियांची जाडी कोण मोजणार? मी बोटानं मोजते. माझ्या तर्जनीचं पहिलं पेर अडीच सेंमीला जरा कमी भरतं. भेंडी, गवार, चवळी, दुधी, दोडका, कारलं: एक पेर. पालक, मुळा, कोथिंबीर, काकडी: अर्धं पेर. मिरची, टोमॅटो, वांगी: नखाचा पांढरा भाग बुडेल इतकंच. पेर आणि पेरणी हे शब्द शेजारी ठेवले की मला दर वर्षी गंमत वाटते.

भेंडीचं कवच कठीण असतं, रात्रभर पाण्यात भिजवलं की उगवण लवकर आणि एकसारखी होते. त्याहून जास्त वेळ भिजत ठेवू नका, बीही श्वास घेतं. कारल्याचं आणि दोडक्याचंही तसंच, कारल्याच्या बीची कड मी नेलकटरनं हलकी खरवडते. कोथिंबिरीसाठी धणा हातानं किंवा लाटण्यानं अलगद रगडून दोन फाका करायच्या, कारण त्या एका गोळीत दोन बिया असतात. पीठ होईपर्यंत रगडू नका. गवार-चवळी भिजवायची गरज नाही, माती ओली असली की झालं.

बी टाकल्यावर माती तळव्यानं दाबा, थापटू नका. दाबल्यानं बी आणि माती चिकटून राहतात आणि ओल पोचते. पाणी बारीक झारीनं. पाइपच्या धारेनं दिलंत तर कोथिंबीर वाफ्याच्या एकाच कोपऱ्यात उगवेल. सगळ्या बिया वाहून तिथं जमलेल्या असतात.

मग विरळणी. याच कामात माणसं कच खातात. एका जागी तीन रोपं आली, तिन्ही गोंडस, कुणाला उपटायचं? बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची दोन ‘खरी’ पानं आली की सर्वांत जोमदार ते ठेवा आणि बाकीची कात्रीनं जमिनीलगत कापा. उपटलीत तर ठेवलेल्याचीही मुळं हलतात. भेंडीत दोन झाडांमध्ये ३० सेंमी, मिरचीत ४५, टोमॅटो आणि वांग्यात ६०, काकडीत ४५ ते ६०. रोपं बोटाएवढी असताना ही अंतरं हास्यास्पद वाटतात. दोन महिन्यांनी वाफ्यात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा आठवतात.

टोमॅटो, मिरची, वांगी रोपं करूनच लावावी. टोमॅटोची रोपं ५-६ आठवड्यांत तयार होतात, मिरची आणि वांग्याला ६ ते ८ लागतात, तेव्हा माती तापायच्या आधीच ट्रेमध्ये बी पडलेलं बरं. ट्रे सतत ओलागच्च ठेवलात तर रोपं जमिनीच्या रेषेवर दोऱ्यासारखी बारीक होऊन कोलमडतात. याला मर म्हणतात. ती एकदा लागली की त्या रोपाला वाचवता येत नाही, फक्त पाणी कमी करायचं, हवा खेळती ठेवायची आणि शेजाऱ्यांना जपायचं. बाहेर लावण्याआधी ७ ते १० दिवस रोपांना सवय करा: पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग सकाळचं ऊन, मग थोडं वारं, शेवटी रात्रही बाहेर. घरात वाढलेलं रोप थेट दुपारच्या उन्हात ठेवलं की पानं पांढरी पडतात, कागदासारखी.

लावणी संध्याकाळी करा, म्हणजे रोपाला सावरायला अख्खी रात्र मिळते. टोमॅटोचं रोप खालची पानं काढून खोडासकट खोल पुरा, पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. लांबट, किडकिडीत झालेलं रोप तर आडवं पुरून फक्त शेंडा वर ठेवला तरी चालतं. मिरची-वांग्याला हा लाड नको, ट्रेमध्ये होती त्याच खोलीवर लावा. काठी लावणीच्या वेळीच रोवायची. नंतर रोवलीत तर मुळातून जाते.

पाणी

वसंतातली बाग बहुतेक वेळा पाण्यावरून बिघडते, आणि कमी पाण्यापेक्षा रोजच्या थोड्या-थोड्या पाण्यानं जास्त. ‘रोज संध्याकाळी झारी फिरवतो’ म्हणणाऱ्यांच्या वाफ्यात एकदा बोट घालून बघा. वरचा एक सेंमी ओला, खाली धूळ. मुळं ओलीच्या मागे जातात. ओल वरच असली की मुळंही वरच राहतात, आणि ऊन वाढल्यावर तीच पहिली भाजतात.

म्हणून पुन्हा बोट. दोन पेरं आत घाला. टोकाला ओल लागली, तर आज पाणी नको. कोरडं लागलं, तर आळं भरून द्या, पाणी वीतभर खाली उतरेल इतकं. याला अपवाद नुकतं पेरलेलं बी आणि कोवळी रोपं, त्यांची मुळं वरच असतात म्हणून वरचा थर सुकू द्यायचा नाही. कुंडीचं पाणी उचलूनही कळतं. पाणी दिल्यावर एकदा उचलून वजन हातात ठेवा, म्हणजे सुकलेली कुंडी हलकी लागते ती ओळखू येते. शक्यतो पाणी सकाळी, बुंध्याशी, पानांवर नाही.

दुपारी दोन वाजता काकडीचा वेल मान टाकून बसलेला दिसला की जीव कळवळतो आणि हात नळाकडे जातो. थांबा. मोठी पानं उन्हात पाणी जितक्या वेगानं सोडतात तितक्या वेगानं मुळं उचलू शकत नाहीत, म्हणून ती लोंबतात. ऊन उतरल्यावर परत बघा. पानं ताठ झाली असतील तर तहान नव्हतीच. दुसऱ्या दिवशी सकाळीही लोंबत असतील, तर एक तर माती कोरडी आहे नाही तर मुळं कुजतायत. कुठलं ते बोट सांगेल.

पाण्याची चालढकल फळांत दिसते. आठ दिवस कोरडं, मग एकदम धो-धो, असं झालं की टोमॅटोच्या फळाचा खालचा टोकाकडचा भाग काळा, चामड्यासारखा होतो. हा रोग नाही. पाणी अनियमित झाल्यानं फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. अंड्याची टरफलं पुरायचा सल्ला हमखास मिळतो, पण ती कुजून मातीत उतरायला इतका काळ घेतात की या हंगामातल्या फळाला त्यांचा उपयोग नाही. पाणी सावरा, पुढची फळं नीट येतात. काकडी पाण्याच्या ताणानं कडू होते. दुधी किंवा दोडका कापल्यावर कडू लागला, तर मात्र ‘चालेल’ म्हणू नका, टाकून द्या. तो कडूपणा कुकुर्बिटासिन या द्रव्याचा असतो आणि त्यानं गंभीर विषबाधा होऊ शकते.

सगळ्यांत कमी श्रमाचं आणि सगळ्यांत दुर्लक्षित काम म्हणजे आच्छादन. वाळलेला पालापाचोळा ५ ते ८ सेंमी जाड पसरा, बुंध्यापासून चार बोटं दूर. ऊन कितीही असो, त्याच्याखाली हात घातला की गार लागतं. पण माती तापायच्या आधी पसरू नका, नाही तर तीच गार राहते आणि पुन्हा माझ्या वहीचं पहिलं पान.

दोडक्याची संध्याकाळ

‘वेल मस्त आहे, फुलं ढीगभर, पण फळ धरत नाही.’ ही तक्रार मला दर वर्षी ऐकू येते. याचं उत्तर फुलाच्या मागे बघितलं की मिळतं. दोडक्याची नर फुलं लांब दांड्यावर घोसानं येतात, मागे नुसता देठ. मादी फूल एकटं असतं आणि त्याच्यामागे करंगळीच्या टोकाएवढा, कंगोऱ्यांसकट पूर्ण घडलेला बाळदोडका असतो. वेल आधी आठवडा-पंधरवडा नुसती नर फुलंच देतो. ऊन फार असलं की नरांची संख्या आणखी वाढते. तोवर काही करायचं नाही, वेल उपटायचा तर मुळीच नाही.

मादी फुलं दिसायला लागली की संध्याकाळची वेळ धरायची. काकडी सकाळी उमलते, पण दोडका आणि दुधी दिवस कलल्यावर. मी साधारण साडेपाचला वेलापाशी जाते. कळीचं टोक सैल झालेलं असतं, पिवळ्या पाकळ्या चुरगळलेल्या कागदासारख्या. बघता बघता एक पाकळी सुटते, मग दुसरी, आणि अर्ध्या तासात फूल सपाट उघडतं. एक ताजं नर फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या मागे वळवून देठाशी धरायच्या, म्हणजे मधला परागांचा गोंडा मोकळा होतो. बोटाला लावून बघा, पिवळी पूड लागली पाहिजे. मादी फुलाच्या मध्यभागी हिरवट, ओलसर, तीन भागांचा उंचवटा असतो, त्यावर तो गोंडा अलगद फिरवायचा. घासायचं नाही. एका नरात दोन-तीन माद्या होतात. दुधीची पांढरी फुलं तर अंधार पडतानाच उमलतात आणि रात्रीच्या पतंगांवर अवलंबून असतात. चौथ्या मजल्यावर पतंग येतीलच याची खात्री नाही, तेव्हा ते काम आपल्याकडे. मी डोक्याला टॉर्च लावून करते. घरच्यांनी हसून घेतलंय.

दोन-तीन दिवसांत कळतं. धरलं असेल तर बाळदोडका गडद होतो, मान खाली घालून फुगायला लागतो. धरलं नसेल तर टोकाकडून पिवळा पडून गळतो.

टोमॅटोच्या फुलात नर-मादी एकत्रच, त्याला नुसता धक्का पुरतो. वाऱ्याचं नाव नसेल तर सकाळी काठीला टिचकी मारा. पण दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचंही २४-२५ च्या वर राहायला लागलं की त्याची फुलं गळतातच. तेव्हा टिचक्यांचा उपयोग नाही. ३५ ते ५० टक्के सावली देणारी जाळी (शेडनेट) दुपारपुरती लावा, पाणी सांभाळा, आणि त्याला कंटाळा करू द्या. मिरची आणि भेंडी तोवर घर चालवतात.

किडींबद्दल थोडक्यात

रोज पानं उलटून बघणं हीच खरी फवारणी. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, लाल कोळी, सगळे पानाखाली राहतात. मावा कोवळ्या शेंड्यावर दिसला की पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं उडवा, तीन दिवस सलग. उरला तर १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि चिमूटभर साबण नीट घुसळून, संध्याकाळी, पानाच्या खालून मारा. भर उन्हात तेल मारलं तर पानं करपतात, आणि सकाळी मारलं तर मधमाश्यांना त्रास.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसायला लागली, तर तो विषाणू. पांढरी माशी तो पसरवते. औषध नाही, झाड उपटा. मिरचीचा चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसून वळणं, बऱ्याचदा फुलकिडे किंवा कोळ्यामुळे असतो, तेव्हा एखाद-दुसरी फवारणी करून बघा, नवी पालवी सरळ आली तर ठेवा. नाही आली तर तेही उपटा. पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा म्हणजे नागअळी, ती दोन-चार पानं तोडून टाकली की पुरे, त्यासाठी बाटली काढायची गरज नाही.

तोडा

भेंडी फूल गळल्यावर चार-पाच दिवसांत तोडायची. टोक वाकवून बघा, कट्‌कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून झाली. दोन दिवस गावाला गेलात तर परत आल्यावर काठ्या मिळतील. त्याही झाडावर ठेवू नका: एक फळ पिकायला लागलं की झाडाला वाटतं काम झालं, आणि नवी फुलं मंदावतात. काकडी, गवार, चवळी, सगळ्यांचं असंच. म्हणून हंगामात मी एक दिवसाआड तोडते, नको असलं तरी. जास्तीचं शेजारी जातं.

एकच भेंडी सोडून. सर्वांत निरोगी, लवकर धरलेल्या झाडावरची एक शेंग मी लाल दोरा बांधून राखते. ती वाळून तपकिरी होते, शिरांवर उकलायला लागते आणि हलवली की आत बिया वाजतात. बी सरळ वाणाचं असेल तरच हे करा, संकरित बियांची पुढची पिढी आईसारखी निघत नाही. बिया आठवडाभर सावलीत वाळवते, कागदाच्या पुडीत घालते, डब्याचं झाकण घट्ट लावून गार, कोरड्या कपाटात. पुडीवर वाणाचं नाव, तोडल्याची तारीख, आणि तिसरा एक आकडा: बी पेरलं त्या सकाळी माती किती अंशांवर होती. गेल्या वर्षीच्या पुडीवर २१ लिहिलंय. चाळीसपैकी सदतीस उगवल्या.